मागच्या गाडीचा ब्रेक

उसाचा गळीत हंगाम सुरू झाला की पश्चिम महाराष्ट्रातल्या रस्त्यांवर एक दृश्य रोजचे होऊन जाते. पुढे एक ट्रॅक्टर आणि त्याच्यामागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. सपाटीवर ही वरात कितीही संथ चालली तरी कुणाला काही वाटत नाही. उतार लागला की मात्र चालक सावरून बसतो, कारण यातल्या अनेक ट्रॉल्यांना स्वतःचा ब्रेकच नसतो. मग थांबवता कशी, असे विचारले तर गिअरवर उतरवतो, असे उत्तर मिळते. खालचा गिअर उताराच्या आधीच टाकायचा. उतारावर आल्यावर तो टाकू म्हटले तर उशीर झालेला असतो.

बैलगाडीच्या काळातल्या लोकांनी या अडचणीला नेमका शब्द दिलेला आहे. उतारावर गाडी बैलांच्या ‘अंगावर येते’. चढावर जो मागे राहतो तोच भार उतारावर पुढे ढकलू लागतो. ओढणे आणि थोपवणे ही दोन वेगळी कामे आहेत आणि पहिले जमणाऱ्याला दुसरे जमेलच असे नाही. पुढच्या गाडीत बसलेल्या माणसाने मागच्या गाडीला थांबवायचे कसे, हा प्रश्न रेल्वेने एकोणिसाव्या शतकात सोडवला. मोटारगाड्यांना तो विसाव्या शतकात पुन्हा, जवळजवळ पहिल्यापासून सोडवावा लागला. अमेरिकेतल्या पिकअप ट्रकमध्ये डॅशबोर्डवर आज त्यासाठी एक छोटे यंत्र असते, ट्रेलर ब्रेक कंट्रोलर. मागचा ट्रेलर बदलला किंवा त्यातले ओझे बदलले की चालकाला ते स्वतः रस्त्यावर जुळवून घ्यावे लागते. इतक्या सुधारलेल्या यंत्राची जुळणी कारखान्यातच एकदाची का करून टाकत नाहीत, असे आम्हालाही प्रथम वाटले होते. त्याचे उत्तर या इतिहासातच आहे.

आधी थोडे गणित करू. वर्गात फळ्यावर मांडण्याजोगे आहे. पिकअप ट्रक २५०० किलोग्रॅमचा आणि ट्रेलर ३००० किलोग्रॅमचा धरू. वेग ताशी ९० कि.मी., म्हणजे सेकंदाला २५ मीटर. दोन्ही मिळून गतिज ऊर्जा झाली सुमारे १७ लाख ज्यूल. ब्रेक लावायचा म्हणजे ही सगळी ऊर्जा उष्णतेच्या रूपात घालवायची. आता कोरड्या रस्त्यावर टायरचा घर्षणगुणांक ०.८ आणि गुरुत्वत्वरण १० धरले, तर ट्रकच्या चाकांना रस्त्याकडून जास्तीत जास्त २०,००० न्यूटन एवढा रोध मिळू शकतो. ब्रेक कितीही उत्तम असला तरी याहून जास्त मिळणार नाही, कारण ही मर्यादा ब्रेकची नसून टायर आणि रस्ता यांच्यातल्या घर्षणाची आहे. ट्रेलरला ब्रेक नसेल तर एवढ्या रोधावर ५५०० किलोग्रॅम थोपवायचे. त्वरण येते ऋण ३.६ आणि गाडी थांबायला लागतात सुमारे ८६ मीटर. ट्रेलरची चाकेही आपापल्या भाराच्या प्रमाणात रोध देऊ लागली तर त्वरण ऋण ८ होते आणि अंतर ३९ मीटरवर येते. शिवाय पहिल्या प्रकारात ट्रेलर जोडणीच्या हुकावर जवळजवळ ११,००० न्यूटन जोराने ट्रकला मागून ढकलत असतो. रस्ता सरळ असेल तर एक वेळ निभावते. वळणावर मात्र हाच धक्का ट्रकचा मागचा भाग बाजूला लोटतो आणि चाकू मिटावा तशी गाडी मधोमध मिटते.

हे सगळे रेल्वेने आधी भोगले. सुरुवातीच्या काळात इंजिनाला ब्रेक असे आणि डब्यांना हाताने फिरवायचे ब्रेक असत. ते फिरवायला माणसे नेमलेली असत. ड्रायव्हरने शिटी दिली की अमेरिकेतल्या मालगाड्यांवर ही माणसे डब्यांच्या टपांवरून धावत एकेका डब्याचे चाक आवळत जात. रात्र असो, पाऊस असो, टपावर बर्फ असो. किती जण पडले, किती जण डब्यांच्या मध्ये सापडले याची कल्पनाच केलेली बरी.

जॉर्ज वेस्टिंगहाऊसने हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचे पेटंट १८६९ साली घेतले तेव्हा तो बावीस वर्षांचा होता. आल्प्समधल्या माँ सनीच्या बोगद्यात खडक फोडणारी यंत्रे दाबलेल्या हवेवर चालतात आणि ती हवा नळीतून दूरवर नेता येते, हे त्याच्या वाचनात आले होते. हवा इतकी लांब नेता येत असेल तर ती गाडीच्या शेवटच्या डब्यापर्यंत का नेऊ नये? इंजिनावर हवेचा पंप बसवायचा, डब्याखालून नळी न्यायची, ड्रायव्हरने झडप उघडली की हवा प्रत्येक डब्याच्या सिलिंडरात जाऊन ब्रेक दाबणार. पिट्सबर्गजवळ पहिल्या चाचणीसाठी निघालेल्या गाडीपुढे रुळांवर एक घोडागाडी आली आणि याच ब्रेकने गाडी वेळेत थांबली, असे सांगतात.

पण या पहिल्या ब्रेकमध्ये एक मोठा दोष होता. नळी फुटली किंवा गाडी मधूनच तुटली तर मागच्या डब्यांना हवा मिळणार नाही; म्हणजे ब्रेकची सर्वांत जास्त गरज असेल नेमका तेव्हाच तो नसणार. १८७२ मध्ये वेस्टिंगहाऊसने मांडणी उलटी केली. नळीत हवेचा दाब नेहमी भरलेला ठेवायचा, प्रत्येक डब्याखाली हवेची एक टाकी ठेवायची, आणि नळीतला दाब कमी झाला की एका खास झडपेने टाकीतली हवा ब्रेककडे सोडायची. आता नळी फुटली तर ब्रेक सुटत नाही, लागतो. बिघाड झाला तर यंत्राने धोक्याच्या बाजूला न झुकता सुरक्षित बाजूला झुकावे, हा विचार त्या झडपेत आहे, आणि आमच्या मते हाच या सगळ्या इतिहासाचा गाभा आहे.

तो किती महत्त्वाचा, हे १२ जून १८८९ रोजी आयर्लंडमध्ये आर्माजवळ कळले. रविवारच्या धर्मशाळेतल्या मुलांना सहलीला नेणारी गाडी चढावर अडली. तिचे ब्रेक निर्वातावर चालणारे होते, पण आपोआप लागणारे नव्हते. निर्वात असेल तोवर ब्रेक, नाही तर नाही. गाडी दोन तुकड्यांत वर न्यावी म्हणून कर्मचाऱ्यांनी मागचे डबे सोडवले. सोडवताच त्या डब्यांचा ब्रेक संपला. उरला शेवटच्या डब्यातला हाताचा ब्रेक आणि चाकांखाली लावलेले दगड. इंजिनाचा थोडा धक्का बसला आणि डबे उताराने मागे धावू लागले. मागून दुसरी गाडी येत होती. सुमारे ८० माणसे गेली, त्यांत पुष्कळ मुले होती. त्याच वर्षी ब्रिटनमध्ये कायदा झाला आणि प्रवासी गाड्यांना आपोआप लागणारे ब्रेक सक्तीचे झाले.

अमेरिकेत मालगाड्यांचा प्रश्न त्याहून अवघड होता. लॉरेन्झो कॉफिन नावाचा आयोवा राज्यातला एक शेतकरी, जो पुढे तिथला रेल्वे आयुक्त झाला, टपावर धावणाऱ्या माणसांसाठी वर्षानुवर्षे भांडत राहिला. कंपन्यांचे म्हणणे असे की लांब मालगाडीला हवेचा ब्रेक चालणारच नाही. १८८६ साली बर्लिंग्टन येथे ५० डब्यांच्या गाड्यांवर चाचण्या झाल्या, आणि दुर्दैवाने कंपन्यांचे म्हणणे खरे ठरेल असे वाटू लागले. ब्रेक लागत होते, पण पुढच्या डब्यांना आधी आणि मागच्यांना नंतर. नळीतला दाब उतरल्याची वार्ता शेवटच्या डब्यापर्यंत पोचायला वेळ लागे. तेवढ्यात पुढचे डबे थबकलेले, मागचे अजून पूर्ण वेगात. मग मागचे डबे पुढच्यांवर आदळत आणि शेवटच्या डब्यातली माणसे फेकली जात. १८८७ च्या चाचण्यांतही हेच झाले. तेव्हा वेस्टिंगहाऊसने झडपेत सुधारणा केली. प्रत्येक डब्याची झडप आपल्यापाशीच नळीतली थोडी हवा मोकळी करील, म्हणजे पुढच्या डब्याला वार्ता लवकर पोचेल. धक्के जवळजवळ थांबले. १८९३ साली अमेरिकेत याचा कायदा झाला.

आपल्याकडे या प्रश्नाचा सर्वांत कठीण पेपर भोर घाटाने घातला. १८६३ साली सुरू झालेल्या या मार्गावर ३७ मीटरला १ मीटर असा चढ आहे. खाली येणाऱ्या गाडीवरचा ताबा सुटलाच तर तिला वळवण्यासाठी डोंगराकडे चढत जाणारे, पुढे संपणारे रूळ तिथे घातलेले आहेत. मुंबई-पुणे प्रवासात खिडकीतून ते दिसतात. विद्यार्थ्यांना जरूर दाखवावेत. आपल्या रेल्वेने दीर्घकाळ निर्वात ब्रेक वापरला, पण तो आपोआप लागणारा. त्याची अडचण वेगळीच होती. निर्वात कितीही चांगला केला तरी त्याचा जोर वातावरणाच्या एका दाबापलीकडे जाऊ शकत नाही. गाड्या लांब आणि जड होत गेल्या तसा दाबलेल्या हवेचा ब्रेक आणावा लागला.

आता रस्त्यावर येऊ. १९२० नंतर अमेरिकेत मोटारीमागे छोटे घर जोडून फिरायला जाण्याची हौस वाढली. मोटारीत हवेचा पंप नाही, दाबाची टाकी नाही. पण बॅटरी होती. विस्कॉन्सिन राज्यातल्या बेलॉइटच्या आर्थर वॉर्नरने तिचा उपयोग केला. हा मोठा हरहुन्नरी माणूस. मोटारींचे वेगमापक बनवून त्याने नाव कमावले होते आणि १९०९ साली विमान विकत घेऊन ते स्वतः उडवलेही होते. १९२७ मध्ये त्याने विजेच्या ब्रेकची कंपनी काढली.

या ब्रेकची रचना समजून घेण्यासारखी आहे. एवढ्याशा बॅटरीच्या बळावर ३००० किलोग्रॅम थांबवायचे कसे? उत्तर असे, की बॅटरी ते करतच नाही. चाकाबरोबर फिरणाऱ्या लोखंडी ड्रमच्या आतल्या सपाट बाजूला लागून एक विद्युतचुंबक एका दांड्याच्या टोकावर बसवलेला असतो. वीज सोडली की चुंबक ड्रमला चिकटू पाहतो आणि फिरणारा ड्रम त्याला आपल्याबरोबर ओढत नेतो. ओढला गेल्याने दांडा तिरपा होतो आणि त्याच्या दुसऱ्या टोकाने लायनर ड्रमवर दाबले जातात. चाकाला थांबवणारा जोर चाकाच्याच फिरण्यातून घेतलेला आहे. विजेने फक्त किती, ते सांगायचे. एका चुंबकाला तीनेक अँपिअर पुरतात.

मग ‘किती’ हे सांगायचे कुणी? पहिल्या कंट्रोलरमध्ये हाताने सरकवायचा बदलता रोध होता. चालक एका पायाने मोटारीचा ब्रेक दाबी आणि हाताने ट्रेलरचा. पुढे मोटारीच्या ब्रेकमधल्या तेलाची एक बारीक नळी कंट्रोलरकडे नेऊन तेलाच्या दाबाप्रमाणे वीज सोडणारी यंत्रे आली. ती चांगली चालत. पण नंतरच्या गाड्यांतल्या, चाके जाम होऊ न देणाऱ्या नाजूक ब्रेकयंत्रणेत अशी बाहेरची नळी जोडणे धोक्याचे ठरले. मग इलेक्ट्रॉनिक कंट्रोलर आले. त्यातला स्वस्त प्रकार असा की मागचा लाल दिवा लागला की वीज ठरलेल्या गतीने वाढत ठरलेल्या मर्यादेपर्यंत जाते. पाय हळू टेकवला की जोरात दाबला, हे त्याला कळत नाही. सिग्नलपाशी हलकेच थांबायचे असले तरी ट्रेलर तितकाच खेचतो. १८८६ चे धक्के पुन्हा, फक्त दोनच डब्यांत.

यावरचा उपाय पदार्थविज्ञानाच्या शिक्षकांना आवडेल. कंट्रोलरच्या पेटीत एक छोटा लंबक टांगला. गाडीचा वेग कमी होऊ लागला की लंबक पुढे झुकतो. जितका रोध जास्त तितका झोक जास्त, आणि तितकी वीज जास्त. एसटीच्या सामानाच्या फळीला दोऱ्याने एक नट बांधून आणि मागे कोनमापक धरून हे कुणालाही पाहता येईल. साधारण थांब्यावर त्वरण ऋण २ असेल तर झोक ११ अंश, जोरात ब्रेक दाबून ऋण ५ झाले तर २७ अंश. हा लंबक घाटात फसेल, असे वाटते ना? उलट आहे. ब्रेक न लावता गाडी उताराने मोकळी धावत असेल तर, घर्षण सोडल्यास, लंबक गाडीच्या जमिनीशी काटकोनातच राहतो, म्हणजे शून्य दाखवतो. उतारावर ब्रेकने वेग स्थिर राखला असेल तर वेग बदलत नसूनही लंबक पुढे झुकतो. तो वेगातला बदल मोजत नाही, गाडीला किती रोखून धरले आहे ते मोजतो, आणि कंट्रोलरला हवे असते तेवढेच. पुढे लंबकाच्या जागी त्वरण मोजणारी इलेक्ट्रॉनिक चिप आली. तत्त्व तेच राहिले.

तरीही एक खुंटी चालकाच्या हातात उरतेच. तिला ‘गेन’ म्हणतात. लंबकाने जेवढा झोक दाखवला त्याच्या किती पट वीज सोडायची, हे ती ठरवते. वरचे गणित पुन्हा पाहा. ३००० किलोग्रॅमच्या भरलेल्या ट्रेलरची चाके २४,००० न्यूटनपर्यंत रोध देऊ शकतात. तोच ट्रेलर रिकामा करून १००० किलोग्रॅमचा झाला तर फक्त ८,०००. भरलेल्या ट्रेलरसाठी लावलेला गेन रिकाम्या ट्रेलरची चाके जाम करील. जाम झालेले चाक घसरते, घसरणाऱ्या चाकाला बाजूची पकड राहत नाही, आणि ट्रेलर वाट सोडून बाजूला येतो. गेन कमी ठेवला तर ट्रेलर ट्रकच्या अंगावर येतो आणि ट्रकचे ब्रेक तापून निकामी होऊ लागतात. शिवाय गेन फार असेल तर ट्रेलरचा ब्रेक ट्रकलाही रोखतो, लंबक आणखी झुकतो, वीज आणखी वाढते आणि हिसका बसतो.

म्हणून जुळणी अशी करतात. ट्रेलर प्रवासाला निघेल तसाच भरून जोडायचा. आधी थोडे चालवून, काही वेळा ब्रेक लावून ते कोमट करून घ्यायचे, कारण थंड ब्रेक आणि तापलेला ब्रेक यांची पकड सारखी नसते. मग कोरड्या, सपाट, मोकळ्या रस्त्यावर ताशी ४० कि.मी. वेगाने जाताना पायाचा ब्रेक न लावता कंट्रोलरची हाताची कळ पूर्ण दाबायची. चाके जाम झाली तर गेन उतरवायचा, ट्रेलर जेमतेमच खेचत असेल तर चढवायचा. जाम होण्याच्या किंचित अलीकडे थांबायचे. पाऊस आला, खडी लागली, ओझे बदलले की पुन्हा. फोर्डने २००५ च्या सुपर ड्यूटी ट्रकमध्ये कंट्रोलर कारखान्यातच बसवून दिला, पण गेन चालकाकडेच ठेवला. मागे घोडे आहेत की विटा, लायनर नवे आहेत की झिजलेले, हे ट्रकला कुठून कळणार?

हाताच्या कळीचा आणखी एक उपयोग आहे. वेगात ट्रेलर डावी-उजवीकडे डोलू लागला तर माणसाचा पाय आपोआप ब्रेककडे जातो आणि डोलणे वाढते. त्या वेळी फक्त ट्रेलरचा ब्रेक हलकेच लावला तर मागून ताण बसून तो सरळ होतो. दोरीचे टोक मागे ओढले की दोरी सरळ होते, तसेच.

आणि आता आमची एक तक्रार. विजेच्या ब्रेकने वेस्टिंगहाऊसचा धडा अर्धा विसरला आहे. तार तुटली की ब्रेक नाही. हा १८६९ चाच दोष. त्यासाठी ट्रेलरवर वेगळी छोटी बॅटरी आणि एक खिटी ठेवतात. खिटीची तार ट्रकला बांधलेली असते. ट्रेलर सुटून मागे पडला की खिटी उपसली जाते आणि त्या बॅटरीने चारही चाके आवळली जातात. ही बॅटरी उतरलेली असेल तर मात्र आर्माच. म्हणून निघण्यापूर्वी खिटी उपसून ट्रेलर हलत नाही ना, हे पाहायचे असते. हे पाहणारे किती, हा प्रश्न वेगळा.

युरोपने लहान ट्रेलरसाठी वेगळी वाट धरली. तिथे वीजही नाही आणि कंट्रोलरही नाही. ट्रेलरच्या पुढच्या दांड्यात सरकणारा एक भाग असतो. ट्रेलर पुढच्या गाडीच्या अंगावर आला की तो भाग आत दाबला जातो आणि सळईने ट्रेलरचे ब्रेक लागतात. जितका भार अंगावर येईल तितका ब्रेक. गेन ठरवायचा प्रश्नच नाही. ३५०० किलोग्रॅमपर्यंतच्या ट्रेलरना तो चालतो. उसाच्या भरलेल्या ट्रॉलीचे वजन याहून बरेच जास्त असते, तेव्हा तो जसाच्या तसा आणून भागणार नाही, पण शेताला खत किंवा पाणी नेणाऱ्या छोट्या ट्रॉलीसाठी गावच्या वर्कशॉपमध्येही विचार करण्याजोगी ही कल्पना आहे. फक्त एक अडचण विद्यार्थ्यांपुढे ठेवा आणि उत्तर त्यांनाच शोधू द्या. ट्रॉली मागे घेताना ट्रॅक्टर तिला ढकलतो, म्हणजे दांडा तेव्हाही आत दाबला जातो आणि ब्रेक लागतो. युरोपातल्या जुन्या ट्रेलरमध्ये यासाठी चालकाला दर वेळी खाली उतरून हाताने एक अडसर लावावा लागे.